सामूहिक वनहक्काचा दावा : शिवफेरीपासून हक्कपत्रापर्यंत

भीमाशंकरच्या सदाहरित रानात बाळहिरडा गोळा करणारे महादेव कोळी असोत, की गडचिरोलीत तेंदूपानं तोडणारे गोंड, रान दोघांच्याही अंगवळणी पडलेलं आहे. पण कागद पाहिला तर तिथे गावाचं नाव नसायचं. ते नाव लावून घ्यायची वाट 2006च्या वनहक्क कायद्याने काढून दिली. कायदा 31 डिसेंबर 2007 पासून लागू झाला, 1 जानेवारी 2008ला नियम आले आणि सप्टेंबर 2012 मध्ये त्यांत मोठ्या दुरुस्त्या झाल्या. हातात घ्याल ते पुस्तक 2012च्या दुरुस्त्यांसह आहे ना, हे आधी पाहा. जुनी पुस्तिका वापरून नमुनाच चुकीचा भरला गेला, असं अजूनही घडतं.

हा लेख एकाच दाव्याबद्दल आहे: गावाच्या पारंपरिक हद्दीतलं रान राखायचं, वाढवायचं आणि त्याचं व्यवस्थापन करायचं, हा कलम 3(1)(आय) खालचा हक्क. गावात प्रथमच हे काम हाती घेणारी तरुण मंडळी, शिक्षक, बचतगटाच्या ताई यांच्यासाठी तो लिहिला आहे.

कुठला नमुना भरायचा

नमुने तीन आहेत. नमुना ‘अ’ वैयक्तिक, म्हणजे कसत असलेल्या जमिनीचा. नमुना ‘ब’ सामूहिक वापराचा: निस्तार (घरच्या गरजेपुरता वापर), चराई, मासेमारी, गौण वनोपज. नमुना ‘क’ सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे अख्ख्या रानाच्या राखणीचा आणि कारभाराचा. अनेक गावांनी फक्त ‘ब’ भरला, हक्कपत्र मिळालं म्हणून आनंद केला आणि नंतर कळलं की वापर मिळाला, कारभार नाही. रानात कूप (तोडीचा पट्टा) कधी पडणार, कुठली झाडं लावायची, हे ठरवताना गावाला विचारलं जाणार नसेल, तर तो हक्क अर्धाच. म्हणून ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही एकत्र भरा.

वैयक्तिक दाव्याला 4 हेक्टरची कमाल मर्यादा आहे. तीच मर्यादा सामूहिक दाव्याला लावून “एवढं मोठं क्षेत्र कसं देणार?” असं कुणी विचारलं, तर नम्रपणे सांगा की सामूहिक वनसंसाधनाला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हक्क मिळाला.

दुसरा नेहमीचा आक्षेप म्हणजे “अभयारण्य आहे, इथे होत नाही.” हेही खरं नाही. सामूहिक वनसंसाधनाच्या व्याख्येतच राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान ही नावं घेतलेली आहेत. कर्नाटकात बिळिगिरी रंगन टेकड्यांच्या व्याघ्र प्रकल्पात सोलिगांच्या ग्रामसभांना 2011 मध्ये असे हक्क मिळाले. केरळात वाझचालच्या सदाहरित जंगलात काडर आदिवासींच्या नऊ वस्त्यांना 2014 मध्ये मिळाले.

गावात आदिवासी कुटुंबं थोडीच असतील तर? नमुना ‘क’ मध्येच लिहिलेलं आहे की अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासी अशी मोजकी कुटुंबं असली तरी दावा करता येतो. इतर पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, वास्तव्य आणि रानावरचं अवलंबन दाखवावं लागतं. रानाचा प्रत्येक तुकडा 75 वर्षं ताब्यात होता, असं दाखवायचं नसतं. इथे गल्लत होते आणि धनगर, कुणबी वस्त्या उगीच माघार घेतात.

ग्रामसभा म्हणजे पंचायतीची ग्रामसभा नव्हे

एका ग्रामपंचायतीत पाच पाडे असतील आणि प्रत्येकाचं रान वेगळं असेल, तर प्रत्येक पाड्याची वेगळी ग्रामसभा दावा करू शकते. पंचायत स्तरावर एकच दावा करायचा मोह टाळा. ज्या पाड्याचं रान दूर आहे तिथली माणसं सभेला येत नाहीत, गणपूर्ती होत नाही आणि पुढे कारभारही कुणाचाच राहत नाही.

गणपूर्तीचा हिशेब काटेकोर ठेवा. पाड्यात 240 प्रौढ मतदार असतील, तर सभेला निम्मे, म्हणजे किमान 120 हवेत. हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला, म्हणजे 120 पैकी 40. पंचायतीच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही ही सवय इथे चालत नाही. वनहक्काच्या ठरावाला प्रत्येक वेळी पूर्ण गणपूर्ती लागते. तेंदूच्या, भातलावणीच्या किंवा बाजाराच्या दिवशी सभा ठेवू नका. हजेरीच्या रजिस्टरमध्ये महिलांची पानं वेगळी ठेवली तर मोजायला सोपं जातं आणि तपासणाऱ्यालाही शंका राहत नाही.

पहिल्या सभेत ग्राम वनहक्क समिती निवडा. सदस्य 10 ते 15, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. 15 जणांची समिती असेल तर 10 आदिवासी आणि 5 महिला. अध्यक्ष आणि सचिव समितीने निवडायचे. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असली तरी तिलाच वनहक्क समिती करून टाकू नका. ती समिती वनखात्याच्या योजनेतली आहे. ही ग्रामसभेची आहे.

पुरावे : सातबारा नाही म्हणून अडू नका

नियम 13 सांगतो की दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे हवेत. कुठला तरी एक विशिष्ट कागदच हवा असा आग्रह वरच्या समित्यांना, म्हणजे उपविभागीय आणि जिल्हा समितीला, धरता येत नाही. तरी कागद जितके भक्कम, तितका प्रवास सुखाचा.

पूर्व विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे सोनं आहे. जुन्या मालगुजारी गावांत कुठल्या रानात जळण, कुठे चराई, कुठल्या नाल्याचं पाणी, याच्या नोंदी त्यांत मिळतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात गाव नकाशा, वनजमिनींचा गाव नमुना 1-अ आणि गुरचरणाच्या नोंदी शोधा. राजपत्रात राखीव वन घोषित झालं तेव्हाच्या चौकशीत गावाचे काय हक्क नोंदले होते, तेही पाहा. वनखात्याची कार्य आयोजना आवर्जून मिळवा. तिच्यात कक्ष (वनखात्याने पाडलेले रानाचे तुकडे), त्यांचे क्रमांक आणि प्रत्येक कक्षाचं क्षेत्र असतं. वन आणि महसूल नकाशे व मतदारयाद्या ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचंच काम आहे. लेखी मागा. नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.

कागदाबाहेरचे पुरावेही तितकेच मान्य आहेत: देवराई, मसणवट, जुन्या वस्तीची जोती, पाणवठे, वैदू जिथून औषधी आणतो ती जागा, कंद आणि रानभाजीची ठिकाणं. प्रत्येकाचा फोटो घ्या आणि खाली ठिकाणाचं गावातलं नाव लिहा. “जुने मंदिर” असं लिहिलेला फोटो कामाचा नाही. “वरल्या आंब्याचा म्हसोबा, कक्ष 412, उत्तरेकडच्या नाल्याच्या काठी” असं हवं.

थोरांचा जबाब घेताना एक बारकावा ध्यानात ठेवा. नियमात दावेदाराखेरीज इतर थोरांचं म्हणणं असं शब्द आहेत आणि सामूहिक दाव्यात सगळं गावच दावेदार असतं. म्हणून आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर शेजारच्या गावातल्या दोघा-तिघांचेही जबाब घ्या. जबाब साधा असावा, बोलण्याच्या भाषेत:

“मी, वय 78, राहणार अमुक पाडा. माझ्या लहानपणापासून त्या गावची गुरं पावसाळ्यात वरच्या सड्यावर चरतात. उन्हाळ्यात हिरडा ते कोंडाच्या रानातून आणतात. त्यांची शिव धारेच्या नाल्यापर्यंत. नाल्याच्या अलीकडे आमचं रान सुरू होतं.”

जबाबाखाली सही किंवा अंगठा, तारीख आणि दोन साक्षीदार. “अनादी काळापासून आम्ही निसर्गाचे पूजक आहोत” अशी वाक्यं घालू नका. जागेचं नाव आणि हंगाम सांगणारं एक वाक्य अशा पानभर मजकुराला भारी पडतं.

शिवफेरी

शिवफेरी म्हणजे गावाच्या रानाची हद्द पायी फिरून नोंदणं. सगळ्या दाव्याचा जीव इथे आहे. अर्ज कितीही सुबक भरला, पण शिव डगमगती असेल तर दावा तिथेच अडतो.

फेरीच्या आधी गावात नकाशा काढा. अंगणात रांगोळीने नाले, टेकड्या, वाटा, पाणवठे मांडा. महिलांना मधोमध बसवा, कारण जळणाला आणि रानभाजीला जाणाऱ्या बायांना रानाचा आतला भाग पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतो. मग तोच नकाशा मोठ्या कागदावर उतरवा. त्यावरच्या नावांची यादी म्हणजे फेरीची वाट.

फेरीला आठ-दहा जण पुरतात: शिव माहीत असलेले दोन वयस्क, दोन महिला, एक गुराखी, जीपीएस किंवा मोबाइल सांभाळणारा एक, वही लिहिणारा एक, बाकी पाण्याच्या आणि भाकरीच्या वाटणीला. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. पानगळीच्या रानात तोवर नजर लांब पोहोचू लागते आणि नाले ओलांडता येतात. सदाहरित रानात मात्र झाडांच्या छत्राखाली जीपीएस कधीही दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे सरकतो. तिथे प्रत्येक बिंदूवर दोन-तीन मिनिटं थांबा, शक्य असेल तिथे जवळच्या मोकळ्या जागी बिंदू घ्या आणि वहीत तसं नमूद करा.

बिंदू कुठे घ्यायचा? शिव जिथे वळते तिथे, नाला ओलांडते तिथे, शिवेचा दगड, मोठं झाड, डोंगरधारेवरची खिंड, आणि जिथे एका शेजारगावाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे. सरळ धारेवरही दर दोन-तीनशे मीटरला एक बिंदू घ्या. वहीत सहा रकाने आखा: बिंदू क्रमांक, गावातलं नाव, अक्षांश, रेखांश, खूण, पलीकडचं गाव. अंक मोबाइलमध्ये साठलेत म्हणून वही टाळू नका. मोबाइल नाल्यात पडतो, वही राहते.

चुका ठरलेल्या आहेत. काही जण अक्षांश अंश-मिनिट-सेकंदांत लिहितात, काही दशांशात, आणि दोन्ही एकाच तक्त्यात जातात. एकच पद्धत ठरवा. दशांशात पाच स्थळं घेतली की मीटरभराची नेमकता येते. जीपीएसमधला मापनाचा आधार (डेटम) डब्ल्यूजीएस 84वर ठेवा. क्षेत्रफळ काढताना यूटीएमचा (नकाशाच्या मीटरमधल्या जाळीचा) पट्टा विचारला जातो: 78 रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र 43व्या पट्ट्यात, पूर्वेचा विदर्भ 44व्या पट्ट्यात. पट्टा चुकला की तुमचं रान नकाशावर भलत्याच जिल्ह्यात जाऊन पडतं. शेवटी बिंदू गुगल अर्थवर चढवा आणि धार, नाले वहीशी जुळतात का पाहा. मग क्षेत्र हेक्टरमध्ये काढून आत येणाऱ्या कक्षांच्या बेरजेशी ताडून घ्या. मोठा फरक दिसला तर एखादा कक्ष सुटला आहे किंवा शेजाऱ्याचा आत आला आहे.

शिव ठरवताना झाडावर कुऱ्हाडीची खूण करू नका. रान राखायला निघालेल्यांनी पहिल्याच दिवशी साल सोलणं शोभत नाही, आणि वनगुन्ह्याची तक्रार व्हायला तेवढं निमित्त पुरतं.

शेजारच्या गावांबरोबर शिवेवरच भेटा. सामाईक चराई, सामाईक पाणवठा असेल तर तसंच लिहा, नमुना ‘क’ मध्ये त्यासाठी जागा आहे. “अमुक कुरण दोन्ही गावं वापरतात, राखण दोघांची” असा जोडठराव दोन्ही ग्रामसभांनी केला की पुढचा निम्मा वाद संपतो. दोन गावांच्या शिवेचा वाद समित्यांकडे गेला की दोघांचेही दावे वर्षानुवर्षं पडून राहतात. मिटत नसेल तर तेवढा वादाचा तुकडा वेगळा दाखवा आणि उरलेल्यावर दावा पुढे न्या.

कोकणात एक अडचण जास्तीची आहे. तिथलं बरंच रान खाजगी मालकीचं, वनसंज्ञा लागलेलं किंवा देवस्थानाच्या नावाचं असतं. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न तर वेगळाच आहे. गट क्रमांकानुसार आधी वर्गवारी करा आणि जे कायद्याच्या व्याख्येत वनजमीन म्हणून बसतं तेवढंच नकाशात घ्या.

पडताळणी, ठराव, दाखल

समितीने पडताळणीची तारीख वन आणि महसूल अधिकाऱ्यांना लेखी कळवायची: वनपरिक्षेत्र अधिकारी, तहसीलदार आणि तलाठी, प्रत्येकाला वेगळं पत्र, प्रत्येकाची पोच. ते आले तर पंचनाम्यावर हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही घ्या. न आले तर पंचनाम्यात “कळवूनही गैरहजर” असं लिहून काम पूर्ण करा. नंतर गैरहजेरीचं कारण देऊन आक्षेप आला तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो. त्याही वेळी ते आले नाहीत, तर क्षेत्रपडताळणीबद्दल ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणूनच पोच जपायची.

मग ग्रामसभा. ठरावात एवढं यायलाच हवं: “आजच्या सभेत एकूण मतदार 240 पैकी 131 हजर, त्यांत महिला 58. सोबतच्या नकाशातील, पूर्वेस अमुक नाला, पश्चिमेस अमुक धार, उत्तरेस व दक्षिणेस अमुक गावांच्या शिवा असलेले, कक्ष क्रमांक अमुक ते अमुक, अंदाजे इतके हेक्टर क्षेत्र हे आमच्या ग्रामसभेचे सामूहिक वनसंसाधन आहे. त्यावरील कलम 3(1)(आय) चे हक्क मान्य करण्याची शिफारस ही ग्रामसभा बहुमताने करते.” सूचक, अनुमोदक, मतांची संख्या. कोऱ्या कागदावर सह्या आधी घेऊन मजकूर मागून भरू नका. रजिस्टरचं पान वाचून दाखवा, मग सह्या.

फाइलचे तीन संच करा. मूळ संच उपविभागीय समितीकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात. एक संच ग्रामसभेच्या पेटीत, एक समितीच्या सचिवाकडे. पान क्रमांक घाला आणि वर अनुक्रमणिका लावा. पोच घेताना शिक्का, तारीख आणि “एकूण पाने इतकी” हे तिन्ही घ्या. पाने मोजली नाहीत की वर गेल्यावर नकाशाच गहाळ होतो. नमुना मोफत मिळतो, कुठलीही फी नाही. वनरक्षकाने, वनपालाने किंवा पंचायत समितीतल्या कुणा अधिकाऱ्याने दावा स्वीकारायचा किंवा नाकारायचा नसतो. “माझ्याकडे द्या, मी पोहोचवतो” ही मदत नको म्हणा.

वरच्या समित्यांत

दावा अपुरा वाटला तर उपविभागीय आणि जिल्हा समितीने तो फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे परत पाठवायचा. बदल किंवा नकार असेल तर सविस्तर कारणं लेखी द्यायची. केवळ तांत्रिक कारणाने दावा बाद करता येत नाही. उपग्रहाचं चित्र पुराव्याला पूरक धरता येतं, बाकीच्या पुराव्यांच्या जागी बसवता येत नाही. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला 60 दिवस आहेत. निर्णयाची प्रत ज्या दिवशी हातात पडली ती तारीख प्रतीवरच लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त दावे नाकारल्यामुळे अडत नाहीत, पडून राहिल्यामुळे अडतात. दर महिन्याला एका लेखी पत्राने “आमचा दावा कुठल्या टप्प्यावर आहे?” विचारा. एखाद्या गावाला सामूहिक वनसंसाधनाचा हक्क दिला नसेल तर त्याची कारणं जिल्हा समितीच्या सचिवाने नोंदवायची असतात. ती मागा.

हक्कपत्र हाती आलं की

पहिल्याच दिवशी वाचा. नाव ग्रामसभेचं आहे की चुकून पंचायतीचं किंवा वन समितीचं? क्षेत्र मागितलेलं तेवढंच की कमी? कक्ष क्रमांक जुळतात? कायद्यात नसलेल्या अटी घुसवल्या आहेत का, जसं “कार्य आयोजनेस अधीन”? हक्कपत्रावर जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकासाचे जिल्हा अधिकारी अशा तिघांच्या सह्या हव्यात. चूक असेल तर सत्कार समारंभ होऊ द्या, पण त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या. महसूल आणि वन अभिलेखात हक्काची नोंद तीन महिन्यांत व्हायला हवी, तिचा उतारा मागा.

मग नियम 4(1)(ई) खालची व्यवस्थापन समिती, ग्रामसभेच्या नावाचं बँक खातं आणि वनोपजासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक. परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचा आहे. बांबूचं हे पासबुक मेंढा (लेखा) गावाच्या हाती पडायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला. बांबू गौण वनोपज आहे, हे कायद्यात लिहिलेलं असूनही. परवान्यावर अनुक्रमांक, माल, नग, गाडी क्रमांक, कुठून-कुठे, मुदत आणि स्थळप्रत हवीच.

तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करणार असेल तर माप पक्कं ठेवा: 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. फडावरची रोजची नोंद संकलन करणाऱ्याच्या कार्डावर आणि ग्रामसभेच्या वहीत, दोन्हीकडे. व्यापाऱ्याकडून अनामत आधी घ्या आणि शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय गोदामातून माल हलू देऊ नका. माल गेल्यावर पैसे बुडालेली गावं कमी नाहीत. आणि तोडायचंच असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदू तोडणं बंद केलं, कारण फुटव्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. बांबूच्या उत्पन्नावर गावाने भिस्त ठेवली. असा निर्णय वनखात्याने लादला असता तर भांडण झालं असतं. ग्रामसभेने घेतला म्हणून तो पाळला गेला.

बांबू काढताना चालू आणि मागच्या वर्षाचे कोंब राखा, पावसाळ्यात रांजीला (बांबूच्या बेटाला) हात लावू नका.

पहिल्या वर्षी मोठा आराखडा नाही जमला तरी चालेल, पण वणव्याची तयारी चुकवू नका. वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून धरतात. त्याआधी, जानेवारीत, शिवेच्या ज्या बाजूने दरवर्षी आग येते तिथे जाळरेषा साफ करा. पाळ्या लावा, घरटी एक माणूस. ज्या वहीत शिवेचे बिंदू लिहिले, त्याच वहीच्या मागच्या पानांवर आग कुठल्या बिंदूजवळ लागली, किती वाजता, कुणी विझवली, हे लिहीत जा.